वॅट विकू नका, उजेड विका

गाड्यांचे इलेक्ट्रिक काम, बॅटरी, सुटे भाग आणि सजावटीचे सामान या व्यवसायांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजीरोटी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात खारेपाटणपासून बांद्यापर्यंत महामार्गाच्या कडेला, आणि आत देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत अशी लहानमोठी दुकाने पसरलेली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गाड्या येऊ लागल्या की, या दुकानांत एक मागणी हमखास येते. "लाइट पडत नाही, जोराचा बल्ब टाका." दुकानदार विचारतो, "शंभरचा टाकू की एकशेतीसचा?" दोन मिनिटांत जुना बल्ब निघतो, नवा बसतो, ग्राहक भिंतीवरचा झोत बघून खूश होतो आणि पैसे देऊन निघून जातो.

या व्यवहारात एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. गाडीच्या वायरला, स्विचला, होल्डरला आणि अल्टरनेटरला हा बल्ब झेपणार आहे काय? बल्ब बदलणे हे विक्रीचे काम आहे, पण हा प्रश्न विचारणे हे कारागिराचे काम आहे. आमचे मत स्पष्ट आहे. मूळ बल्बाला पूर्ण व्होल्टेज मिळवून द्या, झोत नीट लावून द्या आणि त्या मेहनतीचे पैसे घ्या. नुसते वॅट वाढवून विकण्यात ग्राहकाचे नुकसान आहे, समोरून येणाऱ्याला धोका आहे, आणि शेवटी दुकानाचेही नाव जाते.

ग्राहकाची तक्रार खोटी नाही

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, जास्त उजेड मागणारा ग्राहक हौशी असतोच असे नाही. आंबोली घाटात पावसाळ्यात धुके आणि पाऊस एकत्र असतात. राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. करूळ, भुईबावडा, फोंडा या घाटांतही रात्री गाडी हाकणे सोपे नाही. महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, पण कसालला महामार्ग सोडून मालवणकडे वळले, किंवा आचऱ्यावरून देवगडकडे निघाले की रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि दोन्ही बाजूंनी झाडीने झाकलेला. ओला डांबरी रस्ता उजेड गिळून टाकतो. मासळी घेऊन पहाटे निघणारा टेम्पो असो, हापूसच्या पेट्या घेऊन रात्रभर वाशीच्या बाजाराकडे जाणारा पिकअप असो, किंवा पर्यटकांना तारकर्लीहून रेल्वे स्टेशनवर सोडणारा टॅक्सीवाला असो, त्याला उजेड हवाच आहे.

तेव्हा मागणी रास्त आहे. पण तिच्यावर जो इलाज सर्रास केला जातो, तो चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी शाळेतले थोडेसे गणित पुरेसे आहे.

वॅट म्हणजे खर्च, उजेड नव्हे

आपल्याकडच्या बहुसंख्य हॅलोजन हेडलाइटमध्ये एच-४ जातीचा बल्ब असतो. तो अप्परला ६० वॅट आणि डिप्परला ५५ वॅटचा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर; दोन बल्बांचे १०. गाडी बनवणाऱ्या कंपनीने वायरची जाडी, स्विचचे कॉन्टॅक्ट, होल्डर आणि फ्यूज हा १० अँपिअरचा हिशोब धरून बसवलेले असतात.

आता १००/९० चा बल्ब टाकला तर अप्परला दोन बल्बांचे मिळून साडेसोळा अँपिअरच्या वर जातात. १३०/१०० चा टाकला तर साडेएकवीसच्या वर. म्हणजे ज्या वायरीतून १० जायचे, तिच्यातून आता दुपटीहून अधिक प्रवाह जातो. वायर तीच, स्विच तोच, होल्डर तोच.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणूनच मोठा बल्ब टाकल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. मग होल्डरचे प्लास्टिक पिवळे पडते, नंतर काळे होते. टर्मिनलची पकड सैल होते, सैल टर्मिनल आणखी तापते आणि एक दिवस जळका वास येतो. स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून सगळा प्रवाह नेण्याची पद्धत जुन्या गाड्यांत होती. अशा गाडीत नुकसान बॉनेटखाली राहत नाही, ते थेट चालकाच्या हाताशी येते. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार इलेक्ट्रॉनिक मोड्यूलकडे असतो. तेथे जादा प्रवाहाने वायर जळण्याआधी मोड्यूल निकामी होऊ शकते, आणि त्याची किंमत हेडलाइटच्या बल्बाच्या कित्येक पट असते.

याहून वाईट प्रकार फ्यूजचा. मोठ्या बल्बाने १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज उडू लागला की काही ठिकाणी तेथे ३० चा हिरवा फ्यूज टोचतात, किंवा सरळ तांब्याची तार गुंडाळतात. फ्यूज हा वायरचा पहारेकरी आहे. तो उडतो म्हणजे त्याने आपले काम केले. पहारेकऱ्याला झोपवून दुकान उघडे टाकणारा व्यापारी आपल्यात कोणी आहे काय? मग ग्राहकाच्या गाडीच्या बाबतीत तसे का करावे?

वाटेत गळणारे व्होल्ट

आता उजेडाकडे वळू. हॅलोजन बल्बाचा उजेड त्याला प्रत्यक्ष मिळणाऱ्या व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले तर उजेड १० टक्क्यांनी उतरत नाही, तो साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. हे एक वाक्य प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनने दुकानात लिहून ठेवावे इतके महत्त्वाचे आहे.

समजा इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आहेत. पातळ वायर, झिजलेला स्विच, गंजलेले अर्थिंग यांत मिळून दीड व्होल्ट गळले, तर बल्बावर १२ व्होल्टच पोहोचतात. बल्बाचा ठरलेला उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. म्हणजे चौथ्या भागाहून अधिक उजेड वाटेतच गेला. ग्राहक म्हणतो, "लाइट पडत नाही." तो खरेच बोलत असतो. पण दोष बल्बात नसतो, वाटेत असतो.

आता याच वाटेवर दुप्पट प्रवाह घेणारा बल्ब टाकला तर काय होईल? हिशोबाच्या सोयीसाठी १० चे २० अँपिअर झाले असे धरू. दीड व्होल्टची गळती आता तीन व्होल्टची होते. बल्बावर साडेदहा व्होल्ट उरतात. अशा स्थितीत मोठा बल्ब आपल्या ठरलेल्या उजेडाच्या निम्माही देत नाही. वाटेत मात्र तीन व्होल्ट गुणिले २० अँपिअर, म्हणजे ६० वॅटची उष्णता वायरी, स्विच आणि होल्डरमध्ये तयार होत राहते. मूळ गाडीत जेवढ्या वॅटचा एक अख्खा बल्ब असतो, तेवढी वीज आता वायरी तापवण्यात खर्च होते. ग्राहकाने पैसे उजेडाचे दिले आणि विकत घेतली शेगडी!

हाच हिशोब उलट बाजूने पाहा. त्याच गाडीतली दीड व्होल्टची गळती दूर केली आणि मूळ ६०/५५ च्या बल्बाला पूर्ण व्होल्टेज दिले, तर हातात येणारा उजेड त्या उपाशी १३० च्या बल्बाच्या तोडीचा असतो. वायर तापत नाही, होल्डर वितळत नाही, रिफ्लेक्टरचा मुलामा जळत नाही.

मालवणची खारी हवा

किनारपट्टीवरच्या कारागिराला ही गोष्ट घाटावरच्या कारागिरापेक्षा अधिक कळायला हवी, कारण येथील हवेत मीठ आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ उभी राहणारी गाडी वर्षभर खाऱ्या दमट हवेत असते. मासळीच्या टेम्पोवर तर बर्फाचे खारे पाणी रोज ओघळते. तांब्याच्या वायरीच्या टोकाला हिरवट बुरशी धरते, चासीला लावलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढतो, टर्मिनलवर पांढरी पूड जमते. यातली प्रत्येक गोष्ट प्रवाहाला अडवते. अडथळा वाढला की गळती वाढते, आणि गळती वाढली की उजेड घटतो.

म्हणून किनाऱ्यावर हेडलाइट मंद होण्याचे पहिले कारण बहुधा अर्थिंग असते. ते तपासायला मल्टिमीटर पुरेसा आहे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे, मग होल्डरच्या मागच्या बाजूने बल्बाच्या टर्मिनलवर मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर बल्ब बदलण्याची घाई करू नये. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि बल्बाचे अर्थ यांच्यामध्ये किती व्होल्ट दिसतात ते पाहिले की दोष अर्थच्या बाजूला आहे की पॉझिटिव्हच्या, हेही कळते. बोल्ट सोडून, पत्रा घासून, नवीन लग दाबून, वर ग्रीस लावून आवळला की अनेक गाड्यांचा निम्मा रोग तेथेच जातो. या कामाला सुट्या भागांचा खर्च नगण्य आहे. लागते ते कारागिराचे ज्ञान आणि वेळ. त्याचीच मजुरी घ्यायची आहे.

अल्टरनेटरचा जमाखर्च

व्यापाऱ्याला जमाखर्च सांगावा लागत नाही. गाडीतही तो असतोच. अल्टरनेटर ही कमाई, बॅटरी ही शिल्लक, आणि दिवे, वायपर, ब्लोअर, पंखे हा खर्च.

लहान मोटारीचा अल्टरनेटर ६० अँपिअरचा आहे असे धरू. पावसाळी रात्री आंबोली घाटात त्या गाडीचा खर्च अंदाजे असा होतो: इंजिनचे इग्निशन व पेट्रोल पंप ८ अँपिअर, वायपर ५, काचेवरचे धुके काढायला ब्लोअर १२, एसीचा क्लच ४, रेडिएटरचा पंखा १०, मागचे दिवे व मीटर ३, आणि मूळ डिप्पर ९. बेरीज ५१. कमाई ६० असल्याने ९ अँपिअर उरतात. ही सगळी यंत्रे प्रत्येक क्षणी एकदम चालत नाहीत, पण गाडी बनवणाऱ्याने अशा वाईट रात्रीचा विचार करूनच अल्टरनेटर निवडलेला असतो.

आता डिप्पर ९० वॅटचा केला तर ६ अँपिअर वाढले. खाली ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प लावले तर आणखी ९ वाढले. बेरीज ६६. खर्च कमाईच्या पुढे गेला आणि फरक बॅटरीतून जाऊ लागला. त्यात ६० अँपिअर ही कमाई इंजिन चांगल्या वेगात फिरत असतानाची. दरड कोसळून घाटात वाहतूक थांबली, गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली, की अल्टरनेटर निम्म्यावर येऊ शकतो. मग ३५ अँपिअर-तासाची लहान बॅटरी तासाभरात बसायला आली तर नवल नाही. भर पावसात, रात्री, घाटात गाडी पुन्हा सुरू होत नाही आणि बोल बॅटरी विकणाऱ्याला लागतो. प्रत्यक्षात शिल्लक संपवली ती जादा वॅटने.

ट्रकची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांची वीज २४ व्होल्टची असते आणि बल्ब ७५/७० वॅटचे. व्होल्टेज दुप्पट असल्याने प्रवाह कमी लागतो. पण म्हणून ट्रकच्या वायरीवर वाटेल तो भार टाकावा असे नाही. उष्णतेचा नियम तेथेही तोच आहे.

एलईडीचे वॅट आणि मापातले पाप

आता कोणी म्हणेल, हा सगळा जुना हिशोब झाला. आजचा ग्राहक एलईडी मागतो, आणि एलईडी वीज कमी खातो. हे खरे आहे. एलईडी बल्बाने वायर तापत नाही. मात्र पाकिटावरचा आकडा आणि आतला माल यांचा मेळ बसतो का, हे कोणी तपासते काय?

पाकिटावर मोठ्या अक्षरात २०० वॅट लिहिलेले असते. बोटाएवढ्या त्या वस्तूतून २०० वॅट खरोखर गेले असते तर तिची उष्णता तो नखाएवढा पंखा बाहेर टाकूच शकला नसता. दोन्ही बल्बांचे मिळून २०० धरले तरी बॅटरीतून साडेसोळा अँपिअर जायला हवेत. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीला लावला तर असे बल्ब बहुधा दोन-तीन अँपिअरच घेताना दिसतात. म्हणजे एका बल्बाचे वीस ते चाळीस वॅट. कमी वीज घेणे हा दोष नाही, तो एलईडीचा गुणच आहे. दोष आहे तो खोट्या आकड्यात. तराजूत दांडी मारणे आणि पाकिटावर दहा पट वॅट छापणे यात फरक कोणता? छापणारा दूर कुठे असेल, पण तो आकडा तोंडाने सांगून माल खपवणारा आपल्याच बाजारपेठेतला असतो. मापात पाप नको हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते किलो आणि मीटरला लागू आहे तसे वॅटलाही आहे.

दुसरा दोष झोताचा. हॅलोजन हेडलाइटचा रिफ्लेक्टर हा काही मिलिमीटर लांबीच्या बारीक फिलामेंटच्या जागेवरून आखलेला असतो. एच-४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची एक लहान वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडवते आणि झोताला वरून कापल्यासारखी कडा देते. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात. त्या बरोबर त्या जागी बसल्या नाहीत की कडा मोडते आणि प्रकाश चहूकडे फुटतो. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, पण रस्त्यावर तो हव्या त्या ठिकाणी पडत नाही. धुक्यात तर पांढरा निळसर झोत उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. कंपनीतून एलईडी घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, कारण तिचा संपूर्ण दिवाच त्यासाठी आखलेला असतो.

जर्मनीचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या देशात २०२० पासून काही एलईडी बल्ब तपासणीनंतर मान्य झाले, पण ठरावीक मॉडेलच्या ठरावीक दिव्यांपुरतेच. यादीत नाव नसलेल्या गाडीत तोच बल्ब लावणे तेथे बेकायदेशीर आहे. याचा अर्थ असा की, बल्ब आणि दिवा यांची जोडी जमते की नाही हे तपासल्याशिवाय कोणी शहाणा माणूस हो म्हणत नाही.

संपूर्ण हेडलाइट बदलून देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपल्या डिप्परची कडा डावीकडे किंचित वर चढते. उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला स्वस्त दिवा आपल्या गाडीला लावला, तर तीच चढती कडा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते.

समोरच्याचे डोळे आणि कायदा

हेडलाइटच्या व्यवहारात तीन पक्ष असतात: दुकानदार, ग्राहक आणि समोरून येणारा. तिसरा पक्ष दुकानात कधीच येत नाही, पण परिणाम तोच भोगतो. मालवण-कुडाळसारख्या अरुंद रस्त्यावर समोरून दुचाकीवर येणाऱ्याचे डोळे क्षणभर दिपले तर त्याला साइडपट्टी दिसत नाही, पायी चालणारी माणसे दिसत नाहीत. तो आपलाच शेजारी, आपलाच ग्राहक असू शकतो.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की, समोरचा दिवा असा खाली झुकलेला असावा की ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांना मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ अ मान्यता नसलेले भाग लावणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमात बसत नसताना विकला, तर विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मोठ्या वॅटच्या अनेक बल्बांच्या पाकिटावर हा माल सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही, अशा अर्थाची सूचना बारीक अक्षरात छापलेली असते. कारखानदाराने आपले हात तेथेच धुतलेले असतात. उद्या गाडीने पेट घेतला आणि विमा कंपनीच्या तपासनिसाने विचारले की ही वायर कोणी जोडली, तर बोट आपल्याकडेच वळेल.

"आम्ही नाही दिले तर समोरचा देईल"

हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहान दुकानदाराला दिवसाचे भाडे, पोराची मजुरी, उधारी सांभाळायची असते. ग्राहक परत पाठवणे त्याला परवडत नाही.

पण हिशोब पुरा करावा. बल्ब विकून मिळणारा नफा थोडा, आणि तोच बल्ब ग्राहकाला मोबाइलवर घरबसल्या मागवता येतो. किमतीच्या स्पर्धेत लहान दुकानदार टिकणे कठीण आहे. जे घरपोच येत नाही ते म्हणजे मीटर लावून दोष शोधणे, अर्थिंग घासणे, रिले जोडणे आणि झोत लावणे. हेच आपले भांडवल आहे. वॅट विकणारा दुकानदार उद्या मोबाइलशी हरेल. हुन्नर विकणारा कारागीर सहजासहजी हरणार नाही.

शिवाय नकार देण्याची गरजच नाही. ग्राहकाला म्हणावे, "शेठ, आधी तुमच्या बल्बावर किती व्होल्ट येतात ते दाखवतो." मीटरवरचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर ठेवावा. काम झाल्यावर पुन्हा दाखवावा. आकड्यापुढे वाद राहत नाही.

करण्यासारखी कामे

ज्या गाडीत मूळचा रिले नाही तेथे अप्पर आणि डिप्परसाठी दोन रिले बसवावेत. बॅटरीवरून निघणारी वायर अडीच चौरस मिलिमीटरची, चांगल्या तांब्याची घ्यावी. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा. रिलेच्या ३० क्रमांकाला बॅटरीची वायर, ८७ ला बल्ब, आणि ८५-८६ ला जुन्या स्विचची वायर व अर्थ. असे केल्याने स्विचमधून नाममात्र प्रवाह जातो आणि बल्बाला बॅटरीजवळचे व्होल्टेज मिळते. अर्थची वायरही तेवढीच जाड असावी. पुष्कळ जण येथेच काटकसर करतात आणि केलेले काम वाया घालवतात. जोड पिळून टेप गुंडाळू नयेत; दाबून, आवरण चढवून, पाण्यापासून बंद करावेत. नव्या गाडीत, जेथे मोड्यूल दिवे सांभाळते, तेथे कंपनीच्या नकाशाशिवाय वायर कापू नये.

रिले बसवला म्हणजे आता १३० चा बल्ब चालेल, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वायर वाचली तरी रिफ्लेक्टर तापतोच, समोरच्याचे डोळे दिपतातच आणि कायदा बदलत नाही. रिले हा मूळ बल्बाला त्याचा हक्क मिळवून देण्यासाठी आहे.

त्यानंतर काच आणि रिफ्लेक्टर पाहावा. पिवळी पडलेली प्लास्टिकची काच घासून साफ केली तर कित्येकदा नवीन बल्बाची गरजच उरत नाही. शेवटी झोत लावावा. सपाट जागेवर, टायरची हवा बरोबर करून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. डिप्परची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली असावी. मासळी किंवा आंब्याच्या पेट्या भरल्या की पिकअपची मागची बाजू दबते, तोंड वर होते आणि लावलेला झोत आकाशाकडे जातो. डॅशबोर्डवर झोत खाली करण्याचे चाक असेल तर माल भरल्यावर ते फिरवायचे असते, हे चालकाला आपणच शिकवावे. पुष्कळांना त्या चाकाचा उपयोग ठाऊक नसतो.

या सगळ्याला मिळून एक नाव द्यावे, "हेडलाइट तपासणी", आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी, ठरावीक मजुरीत ती सुरू करावी. पावती द्यावी. पावतीवर आधीचे व्होल्ट, नंतरचे व्होल्ट आणि बसवलेल्या बल्बाचे खरे वॅट लिहावेत. अशी पावती ग्राहक जपून ठेवतो आणि पुढच्या वर्षी तीच घेऊन परत येतो.

नव्या मुलांच्या शिक्षणाचाही विचार व्हावा. आपल्याकडे पुष्कळ पोरे उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून काम शिकतात. हात तयार होतो, पण हिशोब राहून जातो. वायर कोणत्या जाडीची का घ्यायची, हे त्यांना सांगायला कोणाला फुरसत नसते. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. दहा-वीस गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन तेथील शिक्षकांकडे आठवड्यातून एका संध्याकाळचा वर्ग मागितला, तर ती मागणी गैर ठरणार नाही. ओहमचा नियम शिकायला पदवी लागत नाही. तो कळलेला पोरगा उद्या विजेच्या गाड्यांच्या कामातही उभा राहील. न कळलेला बल्ब बदलण्यापुरताच राहील, आणि बल्ब तर ग्राहक स्वतःच बदलू लागला आहे.

महामार्गावरून रात्री जाणाऱ्या गाडीत कोणाचे तरी कुटुंब झोपलेले असते. चालकाचा भरवसा समोरच्या उजेडावर असतो, आणि तो उजेड आपल्यापैकी कोणा कारागिराच्या हातून गेलेल्या वायरीवर. ती वायर आपण जाडी पाहून निवडली, फ्यूज जागेवर ठेवला आणि बल्बाचे खरे वॅट सांगितले, तर आपल्या मजुरीचा प्रत्येक रुपया कष्टाचा आणि इमानाचा आहे. पावसाळा दर वर्षी येतो. या वर्षी पहिला ग्राहक "जोराचा बल्ब टाका" म्हणत आला की, बल्बाच्या पाकिटाकडे हात जाण्यापूर्वी मीटरकडे जावा, एवढीच आमची आपल्या कारागीर बांधवांना विनंती आहे.